सशाचे वजन पुन्हा पुन्हा का बिघडते? कोकणातल्या घरांसाठी तपासणीचा क्रम

लक्षणे

वजन बिघडलेला ससा बहुधा दोनपैकी एका रूपात समोर येतो. पहिला सुटलेला असतो. तो बसला की पोट दोन्ही बाजूंना पसरते, पाठीवरून हात फिरवला तर मणके बोटांना लागत नाहीत, पुढच्या पायांच्या मुळाशी मऊ चरबी हाताला येते आणि शेपटीखालचा भाग सतत ओला किंवा चिकट राहतो, कारण स्वच्छतेसाठी त्याचे तोंड तिथपर्यंत पोहोचतच नाही. दुसरा वाळलेला असतो. त्याच्या कण्याची आणि माकडहाडाची टोके बोटांना टोचतात, केस निस्तेज व विस्कटलेले दिसतात, लेंड्या बारीक व कमी पडतात आणि खाण्याजवळ येऊनही तो तोंड लावून मागे सरतो. यांखेरीज एक फसवा प्रकार आहे. त्यात दाट केसांमुळे ससा डोळ्यांना छान गुबगुबीत दिसतो आणि काट्यावर ठेवल्यावर कळते की दोन महिन्यांत त्याने पावशेर वजन गमावले आहे.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसत असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवून थेट पशुवैद्यकाकडे जावे : दहा-बारा तासांत काहीच न खाणे किंवा एकही लेंडी न पडणे, पोट फुगून ताठ होणे, दात करकर वाजवत पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसणे, कान व अंग गार पडणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मान एका बाजूला कलणे, शेपटीखालच्या ओल्या केसांत माश्यांची अंडी किंवा अळ्या दिसणे. सशाची पचनसंस्था चालू राहण्यासाठी तिच्यातून सतत काहीतरी पुढे सरकत राहावे लागते. ती थांबली की काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाते, आणि लठ्ठ सशाच्या बाबतीत तर उपासाने यकृतात चरबी साठून तो दगावूही शकतो. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा सल्ला माणसाच्या अपचनाला ठीक आहे, सशाला तो लागू नाही.

रत्नागिरी परिसरातल्या ओळखीच्या घरांमधले ससे गेली कित्येक वर्षे पाहताना माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडे सशाचे सुटणे आणि सशाचे वाळणे या दोन तक्रारी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत, आणि दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा सुक्या गवताच्या रिकाम्या किंवा बुरसटलेल्या खोक्यात सापडते. तरीही तपासणी क्रमानेच करावी. फुकट होणाऱ्या गोष्टी आधी घ्याव्यात आणि पैसे, प्रवास व भूल लागणाऱ्या गोष्टी शेवटी ठेवाव्यात. या क्रमात पुढे जाताना मागचे निष्कर्ष लिहून ठेवले तर डॉक्टरांचाही अर्धा वेळ वाचतो.

हाताने चाचपणे

ससा जमिनीवर, चटईवर किंवा मांडीवर शांत बसलेला असताना दोन्ही हातांच्या बोटांनी बरगड्या चाचपाव्यात. किंचित दाब दिल्यावर बरगड्या एकेक करून मोजता आल्या पाहिजेत, पण त्यांच्या कडा धारदार लागता कामा नयेत. दाब देऊनही त्या सापडत नसतील तर चरबी जास्त आहे, आणि नुसते बोट टेकताच त्या लागत असतील तर मांस कमी आहे. हीच कसोटी कण्याला व कमरेच्या हाडांना लावावी. प्रौढ मादीच्या गळ्याखाली कातडीची पोळी असते आणि ती स्वाभाविक आहे, त्यामुळे केवळ तिच्याकडे पाहून मादीला लठ्ठ ठरवू नये. नराला मोठी पोळी असेल, किंवा मादीची पोळी इतकी वाढली असेल की तोंड खाली नेताना मध्ये येते, तर मात्र ती चरबीच समजावी.

सशाला कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा. मागचे पाय अधांतरी राहिले तर घाबरून मारलेल्या एका झटक्यात त्याचा कणा मोडू शकतो.

काट्यावर ठेवणे

स्वयंपाकघरात किंवा घरगुती धंद्यात वापरला जाणारा, दहा किलोपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा आहे. त्यावर परडी किंवा टब ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग ससा आत बसवावा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळच्या खाण्यापूर्वी वजन घेऊन वहीत तारखेसह नोंदवावे. वेळ सारखी ठेवण्याचे कारण असे, की भरलेले पोट आणि भरलेले मूत्राशय यांमुळेच तीस-चाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि माणूस विनाकारण घाबरतो किंवा निर्धास्त होतो.

‘सशाचे योग्य वजन किती’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. न्यूझीलंड व्हाइट जातीचा प्रौढ ससा चार ते पाच किलोंचा असतो, तर नेदरलँड ड्वार्फ एका किलोच्या आसपास राहतो, आणि दुकानातून आपल्या घरी येणारे बहुतेक ससे कशाचे मिश्रण आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून आपल्या सशाची तुलना त्याच्याशीच करावी. साधारण वर्षाचा असताना, बरगड्या नीट लागत होत्या तेव्हाचे वजन हा त्याचा पाया धरावा. एका आठवड्यात पाच टक्के घट, म्हणजे दोन किलोंच्या सशात शंभर ग्रॅम, दिसली तर पुढच्या तपासण्या त्याच दिवशी सुरू कराव्यात. दहा टक्के घट दिसली तर मधले टप्पे सोडून पशुवैद्यक गाठावा. सहा महिन्यांखालील पिल्लाचे वजन मात्र दर आठवड्याला वाढलेच पाहिजे. ते थांबले असेल तर तेही लक्षणच आहे, आणि या वयात ‘जाड होतोय’ म्हणून खाणे कमी करणे चुकीचे आहे.

लेंड्या पाहणे

निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या गोल, साधारण सारख्या आकाराच्या, तपकिरी आणि फोडल्यास आत गवताचे तुकडे दिसतील अशा असतात. लेंड्या लहान, काळ्या व कडक झाल्या असतील तर पोटात गवत किंवा पाणी कमी जात आहे. त्या केसांच्या धाग्याने माळेसारख्या जोडलेल्या असतील तर ससा केस गाळतो आहे. अशा वेळी त्याला रोज विंचरावे आणि गवत वाढवावे.

यांव्यतिरिक्त ससा मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्याही टाकतो. त्या तो थेट शेपटीखालून तोंडाने उचलून खातो, आणि त्यांतून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. पाहुण्यांना हे किळसवाणे वाटते, पण ते त्याच्या पचनाचा आवश्यक भाग आहे. या मऊ लेंड्या जमिनीवर चिरडलेल्या किंवा केसांना चिकटलेल्या दिसू लागल्या तर अर्थ दोन निघतात : एकतर ससा इतका सुटला आहे की त्याचे तोंड तिथे पोहोचत नाही, किंवा खाण्यात पीठ व साखर इतकी आहे की त्या नको तितक्या तयार होत आहेत. बरेच जण याला जुलाब समजून औषध शोधू लागतात. खरा पातळ जुलाब वेगळा असतो. त्यात एकही घट्ट लेंडी पडत नाही, आणि तो, विशेषतः पिल्लात, तातडीचा मामला आहे.

सुके गवत

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण दोष बहुधा इथेच असतो. प्रौढ सशाच्या रोजच्या खाण्यात गवताचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर हवा आणि ते चोवीस तास समोर असले पाहिजे. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग हा सोपा अंदाज आहे. गवतातले लांब तंतू आतडे चालते ठेवतात आणि ते चावताना जबड्याची जी आडवी हालचाल होते तिने दाढा झिजतात. सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात, समोरचे दात आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर. गवत कमी पडले की दोन गोष्टी घडतात. काही ससे भूक भागवण्यासाठी गोळीखाद्य (दुकानात मिळणारे गोळ्यांच्या रूपातले तयार खाद्य) आणि घरातले पदार्थ खाऊन सुटतात, आणि काहींच्या न झिजलेल्या दाढांना टोके येऊन ती जिभेला व गालाला टोचू लागतात व ससा वाळतो. पुष्कळदा एकच ससा आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या अवस्थेतून जातो.

कोकणात यात ऋतूची भर पडते. दिवाळीच्या आगेमागे कातळावरचे आणि वरकस जमिनीतले गवत कापून त्याच्या उडव्या रचल्या जातात, त्या वेळी ते स्वस्त व उत्तम मिळते. तेच गवत जून उजाडला की दमट हवेने ओल धरते, आणि जुलै-ऑगस्टपर्यंत माळ्यावरच्या पोत्यात हात घातला तर कुबट वास येतो. म्हणून मूठभर गवत नाकाशी धरून पाहावे. चांगल्या गवताला गोडसर वास असतो आणि ते दुमडले की कुरकुरते. बुरसटलेले गवत दुमडते पण मोडत नाही, काड्या एकमेकींना चिकटतात, झटकले की राखाडी धूळ उडते आणि पेरांपाशी काळे-पांढरे ठिपके दिसतात. असे गवत उन्हात वाळवून पुन्हा देऊ नये, कारण बुरशी वाळली तरी तिने सोडलेली विषे गवतातच राहतात. ससा असे गवत नाकारतो तेव्हा ‘याला गवत आवडत नाही’ असा निष्कर्ष काढून घरचे लोक गोळीखाद्य वाढवतात. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींची सुरुवात या एका वाक्याने झालेली आहे.

पावसाळ्यासाठी साठवणूक मे महिन्यातच करावी. गवत दोन-तीन कडक उन्हे द्यावे, पण उन्हातून काढून गरम असताना भरू नये, कारण डब्यात वाफ धरून तेच ओले होते. संध्याकाळपर्यंत सावलीत गार होऊ द्यावे आणि मग घट्ट झाकणाच्या पिंपांत किंवा जाड पिशव्यांत लहान लहान वाटे करून भरावे. एका वेळी एकच वाटा उघडावा, म्हणजे बाकीच्यांना हवा लागत नाही. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांना चुलीवरच्या माळ्यासारखी कोरडी जागा दुसरी मिळणार नाही, मात्र धुराचा वास बसलेले गवत काही ससे खात नाहीत, हे आधी थोडे देऊन पाहावे.

गवत निवडताना कुसळांकडे लक्ष असावे. उशिरा कापलेल्या गवतातली टोकदार कुसळे तोंडात, हिरड्यांत आणि डोळ्यांत रुततात, आणि मग ससा गवताला तोंड लावीनासा होतो. भाताचा पेंढा अंथरायला चांगला आहे, चघळायलाही थोडा चालतो, पण त्यात पोषण इतके कमी असते की केवळ पेंढ्यावर ठेवलेला ससा पोट भरलेले असूनही वाळत जातो. लसूणघास पिल्लांना, गाभण व दूध पाजणाऱ्या मादीला ठीक आहे, प्रौढ सशाला मात्र त्यातली प्रथिने व कॅल्शियम जास्त होतात.

पावसाळ्यात सुक्या गवताची जागा काही प्रमाणात ताज्या गवताने भरून काढता येते आणि आपल्याकडे त्याला तोटा नाही. ते रोजचे रोज विळ्याने कापावे, पाणी झटकून पंख्याखाली पसरावे आणि मगच द्यावे. ढीग करून ठेवलेले ओले गवत काही तासांत गरम होऊन आंबते, आणि असे आंबलेले गवत पोट फुगवते. फवारणी झालेल्या आंबा-काजूच्या बागेतले आणि रहदारीच्या रस्त्याकडेचे गवत घेऊ नये. सुक्यावरून ओल्यावर येताना आठ-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण बदलावे. दूर्वा अर्थात उत्तम. गणपतीच्या दिवसांत निवडून उरलेल्या दूर्वांचे याहून चांगले काही होऊ शकत नाही, फक्त हळदकुंकू लागलेल्या जुड्या त्यातून काढाव्यात.

वाटीत काय पडते, आणि कोण टाकते

गोळीखाद्याचे प्रमाण दर किलो वजनामागे दिवसाला पंचवीस ग्रॅम ही वरची मर्यादा धरावी, आणि ससा सुटलेला असेल तर ती निम्म्यावर आणावी. वजन धरायचे ते आजचे वाढलेले नाही, त्याचे पायाभूत वजन धरायचे. पाकिटावर तंतूंचे प्रमाण अठरा टक्के किंवा अधिक लिहिलेले असावे. रंगीबेरंगी दाणे मिसळलेले खाद्य घेऊ नये, कारण ससा त्यातले गोड व पिठूळ दाणे निवडून खातो आणि बाकीचे टाकतो. हरभरे, गहू, तांदूळ, पोहे, पाव आणि बिस्किटे हे सगळे पीठ आहे, त्यामुळे ‘दोनच दाणे’ असले तरी नको. घरी कोंबड्या असतील तर त्यांचे खाद्य सशापर्यंत पोहोचणार नाही याची काळजी घ्यावी. कोंबडीखाद्यात मिसळलेली काही औषधे सशाला विषारी ठरतात.

पालेभाजीत कोथिंबीर, पुदिना, तुळस, मुळ्याचा पाला आणि गाजराचा पाला बिनधास्त आलटून पालटून द्यावा. पालक, माठ आणि शेवग्याचा पाला अधूनमधून व थोडा द्यावा. परसात माजलेले अळू कच्चे कधीही देऊ नये. त्यातले ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक तोंड व घसा भाजून काढतात. कण्हेर, रुई आणि घाणेरी ही कुंपणाची झाडे विषारी आहेत, तेव्हा ससा मोकळा सोडण्यापूर्वी कुंपण पाहून घ्यावे.

आता खरा अवघड भाग, म्हणजे माणसे. सशाला कोण काय देते याची घरात एकदा शिरगणती करावी. आजी सकाळच्या चहाबरोबर खारी देतात, नातू शाळेतून आल्यावर केळे भरवतो, शेजारच्या काकू भाजी निवडताना गाजर टाकतात, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की ‘मी तर अगदी एवढंसंच देतो’. मे महिन्यात मुंबईहून मुले आली की आंब्याच्या फोडी व फणसाचे गरे, आणि चतुर्थीला चाकरमानी आले की पेढे व मोदकाचे सारण. ससा गोडाला कधीच नाही म्हणत नाही, त्यामुळे ‘तो आवडीने खातो’ हा पुरावा धरता येत नाही. दोन किलोंच्या सशाला फळाचा एक लहानसा तुकडा, आठवड्यातून एक-दोनदा, इतकेच पुरे. घरात तंटा नको असेल तर दिवसभराची कोथिंबीर सकाळीच एका वाटीत काढून ठेवावी आणि ज्याला भरवायची हौस आहे त्याने त्या वाटीतलेच द्यावे, असा नियम करावा. आजींना हा नियम पटवायला वेळ लागतो, पण एकदा पटला की तो सर्वांत कडकपणे त्याच पाळतात.

खाणे कमी करताना घाई नको. आठवड्याला एकूण वजनाच्या एक ते दीड टक्क्यापेक्षा जास्त घट होऊ देऊ नये, म्हणजे दोन किलोंच्या सशात वीस-तीस ग्रॅम. गोळीखाद्य दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावे आणि ते उतरत असताना गवत संपत आहे ना याची रोज खात्री करावी. गवत संपत नसेल तर गोळीखाद्य आणखी कमी करायचे नाही, तिथेच थांबून दात पाहायचे.

पाणी, उष्मा आणि जागा

ससा किलोमागे दिवसाला पन्नास ते दीडशे मिलिलिटर पाणी पितो. नळीच्या बाटलीतला गोळा अडकतो आणि बाटली भरलेली दिसत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. जड मातीचे किंवा चिनी मातीचे पसरट भांडे बरे. पाणी कमी पडले की पहिल्यांदा गवत खाणे कमी होते.

सशाला घाम येत नाही, तो उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली ठेवलेला ससा दिवसभर लोळून राहतो, खाणे टाळतो आणि वाळतो. पिंजरा कौलारू पडवीत, वारा लागेल आणि ऊन लागणार नाही अशा बाजूला न्यावा, गार फरशीचा तुकडा बसायला द्यावा आणि मुख्य खाणे पहाटे व रात्री घालावे. तसेही तो पहाटे आणि तिन्हीसांजेलाच खरा जागा असतो. मोकळे सोडण्याची वेळही तीच धरावी, कारण भर दुपारी सोडलेला ससा व्यायाम करत नाही, खाटेखाली जाऊन झोपतो. रोज तीन-चार तास पळायला मिळाले पाहिजे. जाळीच्या तळावर ठेवलेल्या जड सशाच्या तळव्यांना जखमा होतात, कारण त्याच्या पायांना गादी नसते, फक्त केस असतात. जखमा झाल्या की तो हलत नाही आणि आणखी सुटतो. तळ सपाट करून त्यावर कोरडा पेंढा अंथरावा.

दोन ससे एकत्र असतील तर

दोघांचे वजन वेगवेगळे नोंदवावे. एक सुटत आणि दुसरा वाळत असेल तर बहुधा दांडगा ससा वाटीवर बसून राहतो. दोन वाट्या व दोन पाण्याची भांडी एकमेकांपासून लांब ठेवली की हा दोष सुटतो. दुसरी शक्यता अशी, की दुकानदाराने ‘दोन्ही माद्या’ म्हणून दिलेल्या जोडीत एक नर निघतो. लहान वयात लिंग ओळखणे कठीण असते, आणि सशाचा गाभणकाळ सुमारे एक महिन्याचा असल्याने ‘अचानक जाड झाली’ या तक्रारीचा उलगडा पिल्लांच्या रूपाने होतो. मादीने तोंडात गवत गोळा करून स्वतःच्या छातीचे केस उपटायला सुरुवात केली तर खाणे कमी करण्याचा विचार ताबडतोब सोडून द्यावा.

दात, हनुवटी, कान

इथवर सगळे ठीक असूनही ससा वाळत असेल तर हलकेच वरचा ओठ बाजूला करून समोरचे दात पाहावेत. वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे, सरळ आणि समान लांबीचे असावेत. हनुवटी ओली असणे, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले असणे, घास तोंडातून गळणे, गवत सोडून मऊ पदार्थ तेवढे खाणे ही दाढांच्या दुखण्याची चिन्हे आहेत. दाढा घरी दिसत नाहीत, आणि त्या पाहण्यासाठी जबडा फाकण्याचा प्रयत्न करू नये. समोरचे वाढलेले दातही नखे कापायच्या कात्रीने कापू नयेत, कारण दात उभा चिरला तर मुळापर्यंत पू होतो.

त्याच वेळी कान आत डोकावून पाहावेत. तपकिरी पापुद्र्यांचे थर, किंवा नाकाच्या शेंड्यावर व नखांच्या मुळाशी पांढरी खरवड दिसली तर ती खरूज आहे, दमट हवेत ती फार आढळते, आणि खाजेने हैराण झालेला ससा खाणे सोडतो. यावर इलाज सोपा आहे, पण तो डॉक्टरांचा. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेला फिप्रोनिलयुक्त फवारा किंवा थेंब सशाला लावू नयेत. ते त्याच्या जिवावर बेततात.

इथे थांबावे

याच्या पुढची कामे घरात होणारी नाहीत. पहिले आणि स्वस्त काम म्हणजे लेंड्यांची तपासणी. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्याव्यात आणि कॉक्सिडिया पाहण्यास सांगावे. पावसाळ्यात पिल्ले खाऊनपिऊन वाळतात त्यामागे बहुधा हा आतड्यातला परजीवी असतो, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. दाढा घासणे, जबड्याचा क्ष-किरण, रक्ततपासणी ही त्यानंतरची पायरी. चार वर्षांवरील, नसबंदीची शस्त्रक्रिया न केलेली मादी वाळत असेल, विशेषतः लघवीत रक्त दिसले असेल, तर गर्भाशय तपासून घ्यावेच, कारण त्या वयात तिथे कर्करोगाचे प्रमाण मोठे असते.

आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्यक गाई-म्हशी, शेळ्या व कुत्रे यांत मुरलेले असतात आणि सशाचा अनुभव सर्वांनाच असतो असे नाही. फोनवर ‘आपण ससे पाहता का, सशाला भूल दिली आहे का’ असे विचारण्यात अवमान नाही, चांगला डॉक्टर स्वतःहून दुसऱ्याचे नाव सुचवतो. दाढांच्या कामासाठी कोल्हापूर, गोवा, पुणे किंवा मुंबई गाठावी लागण्याची तयारी ठेवावी. एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारावी : लिहून दिलेले प्रतिजैविक सशाला चालते का. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा काही दिवसांत दगावू शकतो. घरात उरलेल्या कॅप्सूल फोडून देण्याचा तर विचारही करू नये.

प्रवास पहाटे करावा, टोपलीत त्याचे नेहमीचे गवत भरपूर ठेवावे, आणि जोडीदार असेल तर त्यालाही सोबत न्यावे. एकट्याने परतलेल्या सशाचा वास बदललेला असतो आणि घरी भांडण जुंपते. भूल देण्यापूर्वी सशाला उपाशी ठेवायचे नसते, कारण त्याला उलटी होतच नाही आणि रिकामे आतडे थांबण्याचा धोका मोठा असतो. कुत्र्यामांजराच्या सवयीने कोणी ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असे सांगितले तर डॉक्टरांशी स्वतः बोलून खात्री करून घ्यावी. घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःहून काही खाल्ले नाही, किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत लेंड्या पडल्या नाहीत, तर तपासणीची ठरलेली तारीख येण्याची वाट न पाहता त्याच डॉक्टरांना फोन करावा.